रुग्णाच्या त्वचेतून त्याचीच चेतापेशी

स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे एएलएस या आजाराचं नाव तुम्ही ऐकलं असेल. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी, म्हणजे मोटर न्यूरॉन, यात हळूहळू मरतात. हातपाय, बोलणं, गिळणं आणि पुढे श्वासही अडतो.

आता अडचण बघा. रक्ताचा आजार असेल तर रक्त काढून तपासता येतं. पण जिवंत माणसाच्या मज्जारज्जूतून मोटर न्यूरॉन कसे काढणार? मृत्यूनंतर तपासावं, तर तोवर त्यातले बरेचसे नष्ट झालेले असतात. राख चाळून आग कशी लागली ते शोधायचं, तसंच हे.

वाट सापडली ती जपानमध्ये. क्योतो विद्यापीठात शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींमध्ये चार जनुकं घालून त्यांना मूळपेशींच्या अवस्थेत नेलं. मूळपेशीपासून शरीरातली जवळपास कुठलीही पेशी घडवता येते. लगेच २००८ मध्ये हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांतल्या संशोधकांनी एएलएस असलेल्या ८२ वर्षांच्या एका बाईंच्या त्वचेपासून मोटर न्यूरॉन तयार केले. आजाराचा जनुकदोष त्यांच्यात होताच.

मग २०१४ मध्ये हार्वर्डच्या गटाला दिसलं, की रुग्णांचे असे न्यूरॉन गरजेपेक्षा जास्त विद्युत संदेश सोडतात. अपस्माराचं रेटिगॅबिन हे औषध दिल्यावर ते शांत झाले आणि जास्त टिकले. पुढे ६५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. त्यांच्याही चेतापेशींची उत्तेजना कमी झाली. म्हणजे बशीत दिसलं ते माणसातही दिसलं! पण आजार थांबतो का, हे ठरवायला १० आठवड्यांची ती चाचणी पुरेशी नव्हती.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. पेशी मूळपेशी झाली, की तिचं वय बरंचसं पुसलं जातं. आजार मात्र सहसा उतारवयाचा.

"या पेशी माझ्या वडिलांच्या अंगात घालता येतील का?" असं कोणी ना कोणी विचारतंच. आज तरी नाही. या पेशी आजार समजून घेण्यासाठी आणि औषधं तपासण्यासाठी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, अशा आजारांत मूळपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. कोणी उपचार म्हणून लाखो रुपये मागत असेल, तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. वडिलांसाठी जीव तुटतो, हे मला कळतं. म्हणूनच सांगतो, घर गहाण टाकण्याआधी हा एक प्रश्न विचाराच.