अश्वाचे भय आणि मॅग्नेशियमची पुडी

तुळशीचे लग्न लागले, की छत्रपती संभाजीनगरात वरातींचा हंगाम सुरू होतो. या दिवसांत आमच्या चिकित्सालयात एक वेगळाच रुग्ण चर्चेला येतो. वरातीच्या घोड्यांचे मालक म्हणतात, ‘‘डॉक्टरसाहेब, घोडी बिथरते, शांत राहील असे एखादे चूर्ण द्या.’’ काही जण तर औषधी दुकानात जाऊन थेट मॅग्नेशियमच मागतात.

मनुष्याच्या वैद्याला हा प्रश्न का विचारावा? त्याचे मूळ आपल्या परंपरेत आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेले अश्वशास्त्र, नकुलाच्या नावावरील ग्रंथ आणि जयदत्तसूरीचे ‘अश्ववैद्यक’ ही आपलीच ज्ञानसंपदा होय. घोड्याच्या वैद्यासाठी रूढ असलेला ‘सालोत्री’ हा शब्दही शालिहोत्रावरूनच आला. मालकाचा विश्वास असा जुना आहे. म्हणूनच आपली जबाबदारी मोठी आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एक मालक असाच आला. पंधरा दिवसांपासून त्याची घोडी डोके झटकत होती, ताशा वाजताच मागच्या पायांवर उभी राहत होती. कुणाच्या सांगण्यावरून त्याने मॅग्नेशियमची पूड आठ दिवस अंदाजाने चारली होती. घोडी शांत झाली नाहीच, उलट लीद पातळ झाली. भय, कंप, शब्द सहन न होणे ही वातप्रकोपाची लक्षणे ऐकून आमचाही हात क्षणभर जटामांसीच्या बरणीकडे गेला, हे प्रांजळपणे नमूद करतो. परंतु ‘डोके नेमके केव्हा झटकते?’ असे विचारता उत्तर आले, ‘‘लगाम घातल्यावर.’’ आम्ही त्याला पशुवैद्यकांकडे पाठविले. दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला आतून जखम झाली होती. कडा कानशीने घासल्या, विश्रांती दिली आणि घोडी पूर्ववत झाली. चूर्णाने ती थोडी सुस्तावली असती, तर मालक निश्चिंत झाला असता. वेदना मात्र तशीच राहिली असती आणि पाठीवर एखादे बालक बसले असते.

मॅग्नेशियमचे कार्य आणि मात्रेचा हिशेब

चेतातंतूंच्या टोकाशी कॅल्शियम उत्तेजनास साहाय्य करते, तर मॅग्नेशियम त्यास आवर घालते. मॅग्नेशियम फार कमी पडल्यास घोडा अस्वस्थ होतो, स्नायू थरथरतात, चाल अडखळते. यावरूनच ‘मॅग्नेशियम दिले की घोडा शांत होतो’ ही समजूत पसरली. परंतु उणीव भरून काढणे वेगळे आणि पुरेसे असताना आणखी देणे वेगळे. शांत करण्याच्या गुणाविषयीचे प्रयोग मोजक्या घोड्यांवर झाले असून, त्यांवरून सरसकट वापराचा निष्कर्ष निघत नाही.

500 किलो वजनाच्या, काम न करणाऱ्या घोड्यास दररोज सुमारे 7.5 ग्रॅम मॅग्नेशियम लागते. त्याच प्रमाणात 300 किलोच्या घोडीस सुमारे 4.5 ग्रॅम पुरते. श्रम असल्यास गरज वाढते. तिने दिवसाला 6 किलो सुका चारा खाल्ला आणि त्यात मॅग्नेशियम 0.15 टक्के धरले, तरी 9 ग्रॅम मिळते. म्हणजे पोटभर चारा मिळणाऱ्या घोडीत उणीव सहसा नसते. रक्ततपासणीही पूर्ण चित्र दाखवीत नाही. कारण शरीरातील बहुतांश मॅग्नेशियम अस्थी व स्नायूंत असते, रक्तात सुमारे 1 टक्काच.

क्षारांतील भेदही ध्यानी घ्यावा. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये सुमारे 60 टक्के मॅग्नेशियम असते, जुलाबी मिठात केवळ 10 टक्के. ‘एक चमचा’ हे माप त्यामुळे निरर्थक ठरते. अतिमात्रेने जुलाब होतात; वृक्कविकार असल्यास धोका अधिक. शिरेतून वेगाने दिल्यास हृदय थांबून मृत्यूही ओढवू शकतो.

व्यवसायबंधूंस विनंती

निदानपरिवर्जन हे आपल्या चिकित्सेचे पहिले सूत्र आहे. घोडीच्या भयाचे निदान पुडीत नव्हे, तिच्या दिनचर्येत शोधावे लागते. दात, खूर, पाठीवरील खोगिराचे घाव. तासन्‌तास उपाशी उभे राहणे. कडबा कमी आणि धान्य अधिक असा आहार. कोंड्याच्या अतिरेकाने बिघडणारे कॅल्शियम व फॉस्फरसचे संतुलन. आणि कानाशी वाजणारे ध्वनिक्षेपक व फटाके. यांपैकी कोणतेही कारण मॅग्नेशियमने दूर होत नाही. मालकाला हे प्रश्न विचारण्यास कोणताही परवाना लागत नाही.

उपचार करण्यास मात्र लागतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार पशुचिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकांचा अधिकार आहे. आपली पदवी मनुष्यचिकित्सेची आहे. औषधी दुकानदारांनीही घोड्यासाठी पूड मागणाऱ्यास पशुवैद्यकांची चिठ्ठी मागावी. एक विक्री बुडेल. परंतु गर्दीत उधळलेल्या घोड्याखाली कुणी सापडले, तर ती पुडी कुठून आली, हा प्रश्न आपल्याच दारात येईल.

मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. निदान आपण तरी त्याच्या वतीने दोन प्रश्न अधिक विचारावेत, एवढीच विनंती.