सभा भरविण्याची परवानगी

हिंगोलीहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की कन्हेरगाव नाका नावाचं गाव येतं. गाव साधंच, पण नावातला 'नाका' हा शब्द लक्षात ठेवावा असा आहे. पुढे पैनगंगा, आणि नदीपलीकडे वऱ्हाड. निजामाच्या अमदानीत ही नदी म्हणजे राज्याची वेस होती. अलीकडे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजी अंमल. कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचेच होते म्हणा; पण १८५३ पासून तेथला कारभार इंग्रजांच्या हाती गेला होता. दोन्ही तीरांवर भाषा एक, ज्वारी आणि कापूस एक, सोयरिकीही एकमेकांत. फरक होता तो निराळ्याच बाबतीत. अकोल्याला किंवा वाशीमला चार माणसे जमवून आपली गाऱ्हाणी बोलून दाखविता येत. इंग्रजांचे राज्य म्हणजे काही रामराज्य नव्हते. राजद्रोहाचे कलम होते, जमावबंदी होती. तरी सभा भरविणे हा मुळातच गुन्हा नव्हता. अलीकडे हिंगोली, वसमत, कळमनुरी या तालुक्यांत मात्र सभेच्या आधी परवानगी आणि परवानगीच्या आधी अर्ज. त्या अर्जाची, आणि तो करता करता उभ्या राहिलेल्या एका संस्थेची हकीकत आज सांगायची आहे.

प्रथम अर्जाचे पाहू. हैदराबाद सरकारची दप्तरी भाषा उर्दू. तिच्यात परिपत्रकाला म्हणत 'गश्ती' आणि क्रमांकाला 'निशाण'. १९२१ साली राजकीय सभांवर बंधन घालणारे फर्मान निघालेलेच होते. १९२९ च्या सुमारास त्यावर कळस झाला तो 'गश्ती निशाण ५३' चा. या गश्तीप्रमाणे कोणतीही जाहीर सभा भरविण्यापूर्वी अधिकाऱ्याला कळवावे लागे, सभेचा हेतू सांगावा लागे, कार्यक्रम दाखवावा लागे, आणि मंजुरी येईपर्यंत वाट पाहावी लागे. सभा राजकीय आहे की सामाजिक, हे सभा भरविणाऱ्याने ठरवायचे नाही, सरकारने ठरवायचे. आता असं पाहा, विहिरीच्या पाण्याविषयी बोलणे हे सामाजिक. ती विहीर सरकारने का बांधली नाही असे विचारले की ते राजकीय! मधली रेघ कोठे ओढायची? ती तालुकदाराच्या मनात असे. तालुकदार म्हणजे आजचा कलेक्टर. खाजगी शाळा काढायला परवानगी, तालमीच्या आखाड्याला परवानगी, असाच सगळा खाक्या होता.

या मुलखातल्या माणसांनी यावर पहिला उपाय शोधला तो वेशीबाहेर जाण्याचा. हैदराबाद संस्थानची राजकीय परिषद १९२३ साली भरली ती कुठं? तर काकिनाड्याला, समुद्रकाठी, संस्थानच्या हद्दीबाहेर. अध्यक्ष होते वऱ्हाडचे बापूजी, म्हणजे माधवराव अणे. पुढे १९२६ साली ती मुंबईला भरली, १९२८ साली न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली पुण्याला, आणि १९३१ साली अकोल्याला. घरच्या माणसांची बैठक दर वेळी शेजाऱ्याच्या ओसरीवर! हिंगोलीकरांना यांतली सर्वांत जवळची अकोल्याची. औंढ्याला नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, म्हणून ते मागच्या बाजूला गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा आपल्याकडे घरोघर सांगतात. नामदेवांचे नर्सी गाव हिंगोलीपासून फार दूर नाही. परिषदवाले मागच्या बाजूला गेले खरे. पण देऊळ काही फिरले नाही. बाहेर केलेले ठराव बाहेरच राहत. ते तहसिलीपर्यंत पोचविणारे माणूस गावात नसे, आणि असले तरी त्याच्या पाठीशी संस्था नसे.

दुसरा उपाय धिमा होता, पण तोच फळास आला. सभा नको तर शाळा काढा, शाळेला अडचण तर वाचनालय काढा. या कामातले एक मोठे नाव आजच्या हिंगोली जिल्ह्यातले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वसमतकडच्या पुरजळचे केशवराव कोरटकर. जन्म १८६७ चा. गुलबर्ग्याला आणि मग हैदराबादला वकिली केली, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. हैदराबादच्या विवेकवर्धिनी पाठशाळेच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा. आर्यसमाजाचे कामही त्यांनी तेथे वाढविले. १९३२ साली ते वारले. गश्ती उठलेली त्यांना पाहता आली नाही. परंतु कायद्याच्या चौकटीत राहून, एकेक संस्था उभी करून बोलायला जागा मिळवायची, ही रीत त्यांच्या पिढीने घालून दिली. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ पासूनचे. वर्तमानपत्र वाचायला दहा माणसे एका खोलीत बसली तर तिला सभा म्हणायचे की नाही? गश्ती लिहिणाऱ्यालाही याचे उत्तर सोपे गेले नसेल.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती आपल्याला फारशी भूषणावह नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादला विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे एक वकील ठरावावर तेलुगूत बोलायला उभे राहिले, तर श्रोत्यांनी टाळ्या पिटून त्यांना बोलूच दिले नाही. श्रोत्यांत मराठी मंडळींचा भरणा होता. संस्थानात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे, त्यांच्याच राजधानीत त्यांची भाषा हसण्यावारी गेली! त्याच रात्री तेलुगू मंडळी जमली आणि 'आंध्र जनसंघ' स्थापन झाला. त्यातूनच पुढे आंध्र महासभा निघाली आणि तिचे पहिले अधिवेशन १९३० साली जोगीपेठला झाले. सरकार आपल्याला बोलू देत नाही म्हणून तक्रार करणारे आम्ही, शेजाऱ्याला बोलू देण्यात मात्र तोकडे पडलो. पण गंमत अशी की आंध्रांची बांधणी आमच्या आधी झाली, आणि ती पाहून मराठवाड्याला जाग आली.

ती जाग म्हणजे महाराष्ट्र परिषद. १९३७ साली तिचे पहिले अधिवेशन परतूरला भरले, आणि अध्यक्ष होते परभणीचे गोविंदराव नानल. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे, त्या वेळी ते परभणी जिल्ह्यात होते, हिंगोलीही परभणीतच. म्हणजे ही संस्था जन्मली ती आपल्याच जिल्ह्यात, आणि वेशीबाहेर नव्हे, निजामाच्या हद्दीत, रीतसर परवानगी काढून. दुसरे अधिवेशन १९३८ साली लातूरला झाले. आपण राजकीय संस्था नाही, असे परिषदेला म्हणावे लागे. मागण्या काय, तर मुलांना शिक्षण मातृभाषेत द्या, गश्ती मागे घ्या, लोकांना जबाबदार असे मंत्रिमंडळ द्या. शेवटची मागणी सामाजिक कशी, हा प्रश्न विचारू नये. मवाळ मंडळी म्हणत, परवानगी टिकवा, तिच्या आड काम होते. तरुण म्हणत, हक्काला परवानगी कसली? अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ या तरुणांच्या बाजूचे. दोन्ही बाजूंत तथ्य होते असे मला वाटते. तालुक्याच्या गावात वकिली करणाऱ्या माणसाची सनद सरकारच्या हाती, शाळामास्तराची शाळा सरकारच्या हाती. त्याने जपून पाऊल टाकले तर त्याला भित्रा म्हणणे आपल्याला आज सोपे आहे.

जपून राहण्याला आणखी एक कारण होते. जेथे अर्ज करायचा तेथे नावे द्यायची. सभा कोण भरवतो, बोलणार कोण, हे सरकारला आधी कळले की त्या माणसाला गाठणे सोपे. ही अडचण काही एकट्या हैदराबादची नव्हे. अमेरिकेत कृष्णवर्णीय नागरिकांच्या हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेली 'नॅशनल असोसिएशन फॉर दि ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल' ही संस्था गावोगाव शाखा काढून काम करी. १९५६ साली अलाबामा राज्याने तिच्यावर बंदीहुकूम आणला आणि तेथल्या सभासदांची यादी मागितली. यादी दिली असती तर कुणाची नोकरी गेली असती, कुणाच्या घरावर दगड आले असते. संस्थेने यादी दिली नाही. १९५८ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, संघटना करण्याच्या हक्कात सभासदांची नावे गुप्त ठेवण्याचा हक्कही येतो. हैदराबादच्या प्रजेला असे दाद मागण्याचे ठिकाणच नव्हते. गश्ती काढणारे सरकार, अर्ज फेटाळणारे सरकार, आणि अपील ऐकणारेही सरकारच. १९३६ साली देशात नागरी स्वातंत्र्य संघ निघाला. रवींद्रनाथ टागोर त्याचे सन्माननीय अध्यक्ष आणि सरोजिनी नायडू कार्याध्यक्षा. सरोजिनीबाईंचे घर हैदराबादला, म्हणजे गश्ती निशाण ५३ च्या अमलाखालीच!

१९३८ साली आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही भागांतल्या कार्यकर्त्यांनी मिळून हैदराबाद स्टेट काँग्रेस काढण्याचे ठरविले. संस्था अजून स्थापन व्हायची होती, तोच सप्टेंबरात तिच्यावर बंदी आली. जन्मण्यापूर्वीच मृत्यूचा दाखला! २४ ऑक्टोबर १९३८ रोजी पहिली तुकडी सत्याग्रहाला बसली. तिचे पुढारी गोविंदराव नानल, म्हणजे परतूरला रीतसर परवानगीच्या सभेत अध्यक्ष झालेले तेच गृहस्थ. मवाळ आणि जहाल यांतले अंतर किती थोडे असते ते पाहा. मागोमाग २७ तारखेला स्वामीजी तुरुंगात गेले. शेकडो सत्याग्रही पकडले गेले. याच सुमारास आर्यसमाज आणि हिंदुमहासभा यांचाही सत्याग्रह चालू होता. दोन्ही चळवळींची गल्लत होऊ नये म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने २४ डिसेंबरला स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबविला. त्यानंतर सरकारशी वाटाघाटी चालल्या त्या बऱ्याच अंशी नावावरून. सरकारला 'काँग्रेस' हा शब्दच नको होता. बंदी उठायला ३ जुलै १९४६ उजाडला. मग महाराष्ट्र परिषद स्टेट काँग्रेसमध्ये विलीन झाली. नऊच वर्षांची संस्था. पण तहसिलीच्या गावांना बैठक कशी घ्यावी, ठराव कसा लिहावा, वर्गणीचा हिशेब कसा ठेवावा, हे तिने शिकविले.

सत्याग्रह थांबल्यावर सहाच दिवसांनी, ३० डिसेंबर १९३८ रोजी, कन्नडजवळ मक्रणपूरला दलित वर्गाची परिषद भरली. भाऊसाहेब मोरे यांनी ती भरविली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले होते. महाराष्ट्र परिषदेच्या ठरावांत नागरी हक्क होते, पण गावातल्या पाणवठ्यावर ज्याला जाता येत नाही त्याच्या दृष्टीने तालुकदार हा पुष्कळ दूरचा माणूस. त्याला अडविणारी गश्ती कुठल्या दप्तरात लिहिलेली नव्हती, आणि ती निजामाने काढलेलीही नव्हती. या माणसांनी आपली निराळी सभा भरविली यात फूट पाडण्याचा प्रश्न नव्हता.

पुढचा भाग आपल्या परिचयाचा आहे, म्हणून भराभर सांगतो. १९४७ च्या ऑगस्टात 'भारतात सामील व्हा' ही चळवळ, रझाकारांचा धुमाकूळ, पैनगंगेपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी कार्यकर्त्यांच्या छावण्या. सभेची परवानगी मागण्याचे दिवस संपले आणि बंदुकीचे आले. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतचे महाविद्यालय त्यांच्या स्मरणार्थ चालते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादला 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. रझाकारांविरुद्ध लिहिले एवढाच अपराध. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे सैन्य शरण आले. त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानात ठिकठिकाणी निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने हिंडून अहवाल दिला, त्यात मृतांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता, आणि सर्वांत वाईट परिस्थिती असलेल्या जिल्ह्यांत शेजारचे नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हे पान बहुधा वगळले जाते. नागरी हक्कांची हकीकत सांगायची तर ते वगळून चालणार नाही.

२६ जानेवारी १९५० पासून शांततेने आणि बिनहत्यारी जमण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. हिंगोली १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाली, आणि मोर्चे व धरणी आता तेथल्याच कलेक्टर कचेरीपुढे होतात. पूर्वी परभणी गाठावी लागे. अर्ज अजूनही करावा लागतो बरं का. १९५१ च्या पोलीस कायद्यातील ३७ वे कलम आहे, त्याखाली जिल्हाधिकारी जमावबंदीचा हुकूम काढतात, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तो छापून येतो. फरक असा की हा हुकूम एका वेळी 15 दिवसांपलीकडे ठेवायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते, त्यात कारण लिहावे लागते, आणि ते कारण न पटणाऱ्याला औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, खंडपीठात जाता येते.