शर्यत घरी आली, पण किती उरली?

कौटुंबिक चित्रपट लहान पडद्यावरही तग धरतो. रहस्यपट धरतो, विनोदी चित्रपट तर घरातच जास्त रंगतो. मोटारींच्या शर्यतीच्या चित्रपटाला मात्र घर मानवत नाही. त्याचा जीव पडद्याच्या रुंदीत, चित्राच्या वेगात आणि इंजिनाच्या आवाजात असतो, आणि कॅसेटपासून सीडीपर्यंत घरगुती व्हिडिओच्या जवळजवळ प्रत्येक तऱ्हेने नेमकी या तिन्हींवर कात्री चालवली. आपल्याकडे जुने शर्यतपट घरापर्यंत कसे आले आणि येताना काय गमावून आले, याचा हा आढावा.

खटारा आणि चौकोनी पडदा

हिंदीत मोटार हीच नायिका ठरलेला पहिला आठवणीतला चित्रपट म्हणजे सत्येन बोस दिग्दर्शित ‘चलती का नाम गाडी’ (१९५८). अशोककुमार, अनुपकुमार आणि किशोरकुमार हे सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊच, गॅरेज चालवणारे. भर पावसात गाडी बंद पडल्यामुळे रात्री तिथे येऊन ठेपणारी मधुबाला, सचिनदेव बर्मन यांचे संगीत आणि भावांची ती कुरकुरणारी जुनी उघडी मोटार, एवढ्या भांडवलावर चित्रपट आजही धावतो. त्यात मोटारींची शर्यतही आहे, आणि ती सगळी त्या खटाऱ्याच्या जिवावर.

घरगुती व्हिडिओच्या दृष्टीने हा चित्रपट नशीबवान. भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा चित्रपट, गुरुदत्तांचा ‘कागज के फूल’, १९५९ मध्ये आला. त्याच्या आदल्या वर्षीच्या या चित्रपटाची चौकट जुन्या घाटाची, चार रुंद आणि तीन उंच. जुन्या टीव्हीचा पडदाही याच मापाचा होता. त्यामुळे कॅसेट निघाली तेव्हा कडेने काही छाटावे लागले नाही. तिघे भाऊ एकाच गाडीत दाटीवाटीने बसलेले दिसतात, ते टीव्हीवरही तिघेच राहिले.

जर्मनीतला ट्रॅक, सांगलीचा गळा

खऱ्या शर्यतीच्या मोटारी आपल्या पडद्यावर आल्या त्या फिरोज खान यांच्या ‘अपराध’मध्ये (१९७२). दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिला चित्रपट. नायक शर्यतीतला चालक, नायिका मुमताज, आणि शर्यतीचे चित्रण थेट जर्मनीत केलेले. त्या काळी आपल्याकडे मोटार शर्यती म्हणजे मद्रासजवळचे शोलावरम, कलकत्त्याजवळचे बराकपूर आणि मुंबईत जुहूची धावपट्टी. वापरात नसलेल्या किंवा तेवढ्यापुरत्या रिकाम्या केलेल्या विमानतळांवर हा खेळ चाले. सर्वसामान्य प्रेक्षकाला तो पाहायला मिळणे कठीणच, म्हणून ‘अपराध’मधली शर्यत म्हणजे मोठीच नवलाई होती.

पण या चित्रपटातले जगभर पोहोचले ते वेगळेच. कल्याणजी-आनंदजींच्या संगीतात आशा भोसले यांनी गायलेल्या एका क्लबगीताचा तुकडा ‘ब्लॅक आइड पीज’ या अमेरिकी गटाने २००५ मध्ये आपल्या गाण्यात वापरला, आणि त्या गाण्याला पुढे ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. सांगली जिल्ह्यातल्या गोवारी जन्मलेल्या गायिकेचा स्वर असा दिगंतात गेला. शर्यत मात्र फिकट प्रतींमध्ये अडकून राहिली. यामागे आपल्या बाजाराचे गणित आहे. गाणी रेकॉर्ड कंपनीकडे वेगळी जपली जात, वेगळी विकली जात. चित्र जपण्याची जबाबदारी निर्मात्यावर, आणि चित्रपट उतरला की निगेटिव्हकडे फिरकायला त्याला कारण उरत नसे.

वर्गणीतला व्हीसीआर

१९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आले आणि पाठोपाठ व्हीसीआर. मुंबईत १९६२ मध्ये पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झालेल्या ‘शेमारू’ने १९७९ मध्येच कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. पुढच्या दशकात पुण्याच्या पेठांपासून तालुक्याच्या गावापर्यंत व्हिडिओ लायब्ऱ्यांचे पेव फुटले. मुळशीसारख्या तालुक्यात, पौड, पिरंगुट, भरे, घोटवडे या पट्ट्यातल्या गावांना चित्रपटगृह म्हणजे पुणे. त्यामुळे गणपतीत किंवा सत्यनारायणाच्या रात्री वर्गणी काढून टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि देवळासमोर पहाटेपर्यंत ओळीने तीन पिक्चर लावायचे, ही खेडोपाडीची रीत झाली. चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट इतका, की १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ चित्रपटांची दखल घ्यावी लागली.

या कॅसेटींत शर्यतीचे पार वाटोळे झाले. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी प्रत निघताना दर खेपेला रंग सांडत आणि रेषा पुसट होत. आवाज बहुधा पट्टीच्या कडेच्या अरुंद ट्रॅकवर असे. त्यात संवाद कसेबसे मावत, इंजिनाची गर्जना मात्र भुंग्याची गुणगुण होऊन बाहेर पडे.

रुंद पडद्याच्या चित्रपटांचे हाल त्याहून वाईट. जॉन फ्रँकनहायमर यांचा ‘ग्राँ प्री’ (१९६६) भव्य ६५ मिमी निगेटिव्हवर चित्रित झाला होता, रुंदी उंचीच्या २.२ पट. चौकोनी टीव्ही भरून दाखवायचा तर त्यातले जवळजवळ ४० टक्के चित्र कडेने कापावे लागते. मग पुढे गेलेली मोटार दिसते, पण तिला गाठायला येणारी दिसत नाही. दोन गाड्यांमधले अंतर पडद्यावरून गेले, की शर्यतच संपली.

आणखी एक गंमत म्हणजे वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो, आपली पाल पद्धत २५ चौकटींची. त्यामुळे पाल कॅसेटवर आणि डीव्हीडीवर चित्रपट साधारण ४ टक्के जलद पळतो. १७६ मिनिटांचा ‘ग्राँ प्री’ अशाने १६९ मिनिटांत उरकतो आणि प्रत्येक इंजिन थोड्या वरच्या पट्टीत गाते. मोटारींच्या कानसेनांना हे खटकते, आणि ते खटकणे रास्तच आहे.

अठ्ठावीस रुपयांतला वेग

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्हिडिओ सीडी, म्हणजे व्हीसीडी आली. ७४ मिनिटांची एक तबकडी, म्हणून हिंदी चित्रपट दोन-तीन तबकड्यांत. पुढे ‘मोझर बेअर’ने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा जुने चित्रपट बसस्टँडवरच्या टपरीवर भेळेच्या भावात मिळू लागले. ही सोय खरीच मोठी होती. ज्यांनी लायब्ररीचे तोंड पाहिले नव्हते, त्यांच्या घरी पहिल्यांदाच स्वतःचा असा चित्रपटसंग्रह झाला.

पण शर्यतपटाला हे तंत्रही सोसले नाही. व्हीसीडीत चित्रासाठी सेकंदाला जेमतेम ११.५ लाख बिट्स. आधीच्या चौकटीत जे होते ते तसेच ठेवायचे आणि बदललेला भागच नव्याने नोंदवायचा, या युक्तीवर सारा कारभार. माणसे बसून बोलत असली की युक्ती छान जमते. धूळ, धूर, पळती झाडे आणि मागे पडणारा रस्ता आला की चौकटीतले सगळेच बदलते, बिट्स पुरत नाहीत आणि चित्राचे चौकोनी ठोकळे होतात. म्हणजे मोटार जितकी वेगात, तितके चित्र वाईट. डीव्हीडीत ही मर्यादा जवळपास ९८ लाखांवर आणि ब्लू-रेमध्ये ४ कोटींवर गेली, तेव्हा कुठे धूळ धुळीसारखी दिसू लागली.

परदेशात काय घडले

‘ग्राँ प्री’ची नवी डीव्हीडी २००६ मध्ये आणि ब्लू-रे २०११ मध्ये आली. चौकट पूर्ण रुंद आणि ब्लू-रेवर मूळ २४ चौकटींचा वेग. या चित्रपटाला मिळालेली तिन्ही ऑस्कर संकलन, ध्वनी आणि ध्वनिपरिणाम यांची आहेत. कॅसेटने जे हिरावले, नेमके त्यालाच बक्षीस होते! स्टीव्ह मॅक्वीनचा ‘ल माँ’ (१९७१) तर त्याहून कडक. त्यासाठी १९७०च्या प्रत्यक्ष शर्यतीत कॅमेरे बसवलेली पोर्शे ९०८ उतरवली होती. सुरुवातीचा अर्धा तास पात्रांमध्ये संवाद जवळजवळ नाहीच. जे सांगायचे ते इंजिन सांगते. असा चित्रपट भुंग्याच्या आवाजात पाहणे म्हणजे पाहिलाच नाही म्हणायचे.

भरे ते कोथरूड

मुळशीतल्या भऱ्याहून पिरंगुट, चांदणी चौक करत पुण्यात शिरले की पुढे कोथरूड लागते, आणि तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची कोठारे आहेत. १९६४ मध्ये स्थापन झालेले आणि पी. के. नायर यांनी वाढवलेले हे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाले. रिळांचे शत्रू पुण्याने जवळून पाहिले आहेत. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागून नायट्रेट रिळे भस्मसात झाली. पुढच्या काळातली अ‍ॅसिटेट फिल्म तशी पेटत नाही, पण ती कुजून आंबूस वास मारू लागते आणि सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंट लालसर पडत जातात. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून आता जुन्या चित्रपटांचे डिजिटायझेशन आणि पुनरुज्जीवन चालू आहे.

अशा कामात क्रम लावताना सहसा थोर दिग्दर्शक आणि पुरस्कारप्राप्त चित्रपट आधी येतात. ते योग्यच आहे, पण निकष एवढाच नसावा. वाईट प्रतीमुळे कोणत्या चित्रपटाचे सर्वाधिक नुकसान होते, हाही प्रश्न विचारायला हवा. तो विचारला तर ‘अपराध’सारखा धंदेवाईक चित्रपट यादीत बराच वर सरकेल. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत मोटारी घडवणारा आणि कोथरूडात रिळे सांभाळणारा जिल्हा एकच आहे. मूळ निगेटिव्ह मिळाले तर त्यावरून, नाहीतर चांगल्यातल्या चांगल्या प्रिंटवरून, पूर्ण चौकटीची, मूळ वेगाची आणि ध्वनीवर मेहनत घेतलेली प्रत काढण्याचा आग्रह पुणेकर मोटारवेड्यांनीच धरायला हवा. गाण्याला ग्रॅमीच्या मंचावर वाट मिळाली. शर्यतीला निदान आपल्या घरातल्या मोठ्या टीव्हीवर तरी धड धावता यावे.