हौशी रेडिओ केंद्राची ओळख

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. ४२.३४ मीटरवरून बोलणारे हे केंद्र आपले ठिकाण कधीच सांगत नसे आणि जागाही वारंवार बदली. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडीत पोलिसांनी ते हुडकून काढले. त्या लढ्यात गुप्तता अपरिहार्य होती. आजच्या हौशी रेडिओचे सूत्र मात्र नेमके उलट आहे. ज्याची ओळख उघड, त्याच्याच संदेशावर विसंबता येते.

प्रथम परवाना

हौशी रेडिओचालकाची ओळख परवान्यापासून सुरू होते. बारा वर्षे पूर्ण केलेल्या कोणाही नागरिकाला केंद्रीय संचार मंत्रालयाची परीक्षा देता येते. परवान्यासोबत 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारे संकेतनाम मिळते. जगात ते दुसऱ्या कोणाचेही नसते.

नंतर नोंद

इंटरनेटने जोडलेल्या इकोलिंकसारख्या जाळ्यावर नाव नोंदविताना परवान्याची प्रत सादर करून संकेतनामाची खातरजमा करून घ्यावी लागते. अंकीय रेडिओच्या डीएमआर जाळ्यासाठी सात अंकी ओळखक्रमांक मिळतो. अर्जातील नाव परवान्यावरील नावाशी जुळणे आवश्यक असते.

माहितीपत्रात संकेतनाम, नाव, गाव, यंत्रसामग्री आणि स्थानसंकेत द्यावा. स्थानसंकेतासाठी पृथ्वीचे दोन अंश रेखांश व एक अंश अक्षांशाचे चौकोन पाडलेले आहेत. एकोणीस अंशांची अक्षांशरेषा मध्य मुंबईतून जात असल्याने गिरगाव व लालबाग एमके६८ मध्ये, तर दादर एमके६९ मध्ये येते. म्हणूनच गिरगावातून दादरला बिऱ्हाड हलविणाऱ्याने हा संकेतही बदलावा. त्यापुढे आणखी दोन अक्षरे जोडली, की जागा काही किलोमीटरांच्या आत निश्चित होते. घराचा पूर्ण पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक सर्वांसमोर मांडण्याची गरज उरत नाही.

आपत्तीत उपयोग

३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाचे काम केले. २००१ च्या भूजच्या भूकंपातही ते पुढे आले. अशा वेळी संदेश कोणाचा आणि कोठून आला, हे क्षणात कळावे लागते. जुना स्थानसंकेत तसाच राहिला असेल, तर मदत भलतीकडे जाऊ शकते.

शाळांनी विज्ञान मंडळांमार्फत विद्यार्थ्यांना या परीक्षेची माहिती द्यावी. ग्रामपंचायतींनी परिसरातील परवानाधारकांची यादी आपत्ती आराखड्यात ठेवून वर्षातून एकदा तपासावी. गरज पडेल तेव्हा कोणाला हाक मारायची, हे मग शोधत बसावे लागणार नाही.