विसाव्याचा अर्धा तास



व्याख्यानमालेच्या नावात वसंत असला, तरी आपल्या वऱ्हाडात तो फार दिवस मुक्काम करीत नाही. होळी झाली की ऊन चढू लागते, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. अशा दिवसांत खेळाच्या शास्त्रावर बोलण्यासाठी एका कामगार कार्यकर्त्याला का बोलावले, असे कोणी विचारील. आम्ही आखाड्यात कधी उतरलो नाही. शाळाही लवकर सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि हमालांच्या संगतीत. परंतु पहिलवानाचा दंड आणि हमालाची पाठ एकाच मांसाची बनलेली असते. पहिलवानाच्या दंडाविषयी जगात जे ज्ञान साठले आहे, त्यातले थोडे हमालाच्या पाठीपर्यंत पोहोचावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा विषय घेतला.

व्यायामाची चर्चा अमरावतीला नवी नाही. १९१४ साली अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला, आणि १९३६ साली त्या मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ परदेशी लोकांना करून दाखविले. शरीर कमावता येते, आणि ते शिकवून कमावता येते, हा विचार या गावाच्या अंगवळणी पडलेला आहे. तेव्हा त्याच्या पुढचा प्रश्न आपण घेऊ: कमावलेले शरीर थकते म्हणजे काय होते, आणि थकल्यावर त्याला काय लागते?

एक प्रसंग सांगतो. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही हकीगत पुष्कळांना ठाऊक आहे. दुसरी हकीगत तेवढी बोलली जात नाही. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना रशियाच्या मामेदबेकोव्हशी लढण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. परंतु तो नियम दाखवून भांडणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, असे त्यांच्या चरित्राच्या बहुतेक नोंदींत सांगितले आहे. खाशाबा ती कुस्ती हरले.

या अर्ध्या तासात शरीरात काय घडते ते पाहू. स्नायूला झटक्याच्या कामासाठी लागणारा साठा फार लहान असतो, काही सेकंदांत संपणारा. तो निम्मा भरून यायला साधारण अर्धे मिनिट आणि जवळजवळ पुरता भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. काम जोराचे व लांबलेले असले, की रक्तात लॅक्टिक आम्लाचे अंश साठतात. ते निवळायला अर्धा ते एक तास जातो. स्नायूंत साठविलेली साखर संपली, तर मात्र चांगले जेवण आणि चोवीस तास हवेत. थकवा हा एक नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येकाचे घड्याळ निराळे आहे. अर्ध्या तासाचा नियम दयेपोटी केलेला नव्हता. दुसरी कुस्ती कुस्तीच राहावी म्हणून तो केलेला होता.

लॅक्टिक आम्लाविषयी एक वाद झाला, तोही सांगण्याजोगा आहे. १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे हिल आणि मायरहोफ यांच्या काळापासून पुष्कळ वर्षे असे मानले गेले, की हे आम्ल म्हणजे स्नायूतला कचरा, आणि थकवा म्हणजे त्या कचऱ्याची विषबाधा. पुढे जॉर्ज ब्रुक्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखविले, की लॅक्टेट हे इंधन आहे. एका स्नायूत तयार झालेले ते दुसरा स्नायू आणि हृदयसुद्धा वापरते. शास्त्राने आपलीच चूक दुरुस्त केली. विसाव्याचे महत्त्व मात्र त्या दुरुस्तीने तसूभरही कमी झाले नाही.

त्याच हेलसिंकीत एमिल झाटोपेक या चेक धावपटूने आठ दिवसांत ५,०००, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. हा गडी मूळचा झ्लिनच्या बाटा कारखान्यातला कामगार. त्याची तालीम अशी: चारशे मीटर जोरात, मग थोडे हळू, पुन्हा चारशे मीटर जोरात, असे कित्येक वेळा. जोर आणि विसावा यांची विणकामासारखी गुंफण. शरीर बळकट होते ते जोराच्या वेळी नव्हे. जोराने झिजते आणि विसाव्यात भरून येताना आधीपेक्षा थोडे अधिक भरते. सगळ्या तालमीचे मर्म एवढेच आहे.

आता कोणी म्हणेल, मग हमालासारखा बलवान दुसरा कोण? तो तर रोज वजन उचलतो. इंग्लंडातल्या साहेबांनाही असेच वाटत होते. हेन्लीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीच्या १८७९ च्या नियमांत यंत्रकामगार, कारागीर व मजूर यांना हौशी खेळाडू मानण्यास मनाई होती. हाताने काम करणाऱ्याला त्याच्या कामामुळे गैरवाजवी बळ मिळते, असा एक युक्तिवाद त्यासाठी केला जाई. तो नियम १९३७ पर्यंत टिकला. आजचे संशोधन नेमके उलटे सांगते. डेन्मार्कमधील होल्टरमान आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले आहे, की फावल्या वेळच्या व्यायामाने हृदयाला जो लाभ होतो, तो कामावरच्या जड मेहनतीने होत नाही. उलट अपाय होण्याचा संभव असतो. कारण उघड आहे. पहिलवान जोर किती काढायचा आणि केव्हा थांबायचे हे स्वतः ठरवितो, किंवा वस्ताद ठरवितो. हमालाचे थांबणे ट्रकवाला ठरवितो.

मालकांच्या बाजूच्या माणसाचीच साक्ष काढू. फ्रेडरिक टेलर हा अमेरिकन इंजिनियर कामगारांचा मित्र कधीच नव्हता. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात ९२ पौंडांची, म्हणजे सुमारे ४२ किलोंची, लोखंडाची लगड वाहून नेणाऱ्या मजुराकडून त्याने दिवसाला साडेबारा टनांऐवजी ४७ टन काम घेतल्याचे लिहिले, आणि मजुरी १.१५ डॉलरवरून फक्त १.८५ डॉलर केली. त्याच्या आकड्यांवर पुढे इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. पण १९११ च्या त्याच्या पुस्तकात एक वाक्य असे आहे, की या वजनाखाली माणूस दिवसाचा ४३ टक्के वेळच राहू शकतो. उरलेला ५७ टक्के वेळ त्याचे हात रिकामे हवेत. टेलरचे घड्याळ सगळ्या कारखानदारांनी घेतले. हे ५७ टक्के मात्र कोणी घेतले नाहीत.

यात आपल्या वऱ्हाडचे ऊन मिळवा. माणसाचा स्नायू उत्तम चालला तरी खर्च केलेल्या शक्तीपैकी पाव हिस्साच कामात येतो. तीन हिस्से उष्णता होऊन बसतात. हवा कातडीपेक्षा तापलेली असली, की ही उष्णता बाहेर टाकायला घाम हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असल्याने घाम निघताक्षणी वाळतो. सदरा कोरडा दिसतो, माणसाला वाटते घाम आलाच नाही, आणि आत पाणी आटत जाते. खिशातला कांदा यात काही करीत नाही. मीठ घातलेले ताक, पन्हे आणि सावली करतात. उन्हाची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत लागते, पण कामाचा जोर हळूहळू वाढविला तरच.

हे ज्ञानही खेळाडू आणि मजूर दोघांच्या घामातून आलेले आहे. १९२७ साली हार्वर्ड विद्यापीठात थकव्याची प्रयोगशाळा निघाली. तिने धावपटूंना फिरत्या पट्ट्यावर धावविले, आणि १९३२ साली नेवाडाच्या वाळवंटात बांधल्या जाणाऱ्या बोल्डर धरणावर जाऊन मजुरांचा घाम तपासला. आदल्या उन्हाळ्यात तेथे अनेक मजूर उष्म्याने मेले होते, आणि ऑगस्ट १९३१ मध्ये त्यांनी संपही केला होता; त्यांच्या मागण्यांत थंड पाण्याची मागणी होती. संप आधी झाला, शास्त्रज्ञ मागून आले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका यार्डात मे महिन्यात भर दुपारी सोयाबीनची पोती उतरविताना आमचा एक सोबती कोसळला आणि पुन्हा उठला नाही. आम्ही चौकशीला गेलो, तर पहिले उत्तर मिळाले, ‘घेऊन आला असेल.’ तो माळकरी होता. त्याच्या जोडीदाराने आम्हांला सांगितले, ‘थकल्यानं नाही मरत मानूस, भाऊ. थकल्यावर बी उचलाले लावते, तवा मरते.’

हे ‘घेऊन आला असेल’ खेळातही ऐकू येते. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये कडक उन्हात क्नुद एनेमार्क येन्सेन हा डॅनिश सायकलपटू पडून मेला. उत्तेजक औषधाने मेला, असे जगभर सांगितले गेले. पुढे अभ्यासकांनी दाखविले, की उष्माघात हे कारण अधिक संभवते. औषधांचा दोष नाही असे आमचे म्हणणे नाही. १९६७ साली टॉम सिम्प्सन हा इंग्रज सायकलपटू फ्रान्सच्या डोंगरावर मेला, तेव्हा ऊन आणि ॲम्फेटामिन दोन्ही होते. ॲम्फेटामिन थकव्याची घंटा बंद करते. स्टिरॉइड विसाव्याचा काळ आखडता घेऊ पाहते. उत्तेजकांचा बराचसा धंदा म्हणजे विसाव्याची चोरी. पण चोरी करावीशी का वाटते, हेही विचारावे लागते. २०२४ साली झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक तरुण मेले. तेव्हाही उत्तेजकांचा संशय बोलला गेला. मग सरकारने सकाळी नऊनंतर चाचणी घ्यायची नाही, असे ठरविले. घड्याळ बदलता येत होते; ते आधी बदलले असते तर?

आपल्याकडेही पहाटे अंधारात रस्त्यांवर मुले-मुली पोलीस भरतीसाठी धावताना दिसतात. त्यांतली कित्येक रात्री हॉटेलात किंवा गोदामात राबून आलेली असतात. त्यांच्या आईबापांना आम्ही एवढेच सांगतो: पावडरीच्या डब्याला पैसे देण्याआधी पोराची झोप मोजा, ताटातली डाळ मोजा.

आणि बाजारातल्या व्यापारी मंडळींना आमचे मागणे असे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहून नेण्याच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची शिफारस केली. आम्ही पन्नास किलोंचा कट्टा मागतो. उन्हाळ्यात दुपारी उतराई बंद, जवळ प्यायचे पाणी, डोक्यावर पत्र्याऐवजी खरी सावली, आणि दोन ट्रकांच्या मध्ये अर्धा तास. हेलसिंकीत नियम होता, पण तो सांगायला कोणी उभे नव्हते. यार्डात उभे राहायला आम्ही आहोत. नियम तेवढा व्हायचा आहे. यार्डाजवळून जाताना भर दुपारी ट्रक उतरताना दिसला, तर आपणही क्षणभर थांबून विचारावे, या माणसांचा अर्धा तास झाला का?