शेवटचा चढ उतरून चढा

गेल्या वर्षी श्रावणात एक निवृत्त शिक्षक सपत्नीक दवाखान्यात आले. वय ६१, मधुमेह आठ वर्षांचा, रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात. त्यांनी पिशवीतून कागद काढला. मला वाटले, लघवी-रक्ताचा रिपोर्ट असेल. पाहतो तो नकाशा!

“डॉक्टरसाहेब, मुलगा जर्मनीत असतो. ऑक्टोबरात स्पेनमध्ये आठवडाभर सायकल चालवू म्हणतो. जाऊ का?”

शेजारी बसलेल्या वहिनींच्या चेहऱ्यावर ‘नाही म्हणा’ असे स्पष्ट लिहिलेले होते. मी लगेच होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. आधी नकाशा ठेवून घेतला. सायकलीवर शरीराचा बराचसा भार सीट पेलते, त्यामुळे गुडघ्यांना ती पायी चढण्या-उतरण्यापेक्षा सोसते. हृदय, फुप्फुसे, मांड्यांचे स्नायू या सर्वांना व्यायाम होतो. पण औषध कितीही चांगले असले तरी मात्रा चुकली की अपाय होतो. सायकलीच्या बाबतीत मात्रा ठरवतो तो रस्त्याचा चढ.

रुळांच्या जागी रस्ता

स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तेथे सायकलस्वारांसाठी व पादचाऱ्यांसाठी रस्ते करण्याचा उपक्रम १९९३ साली सुरू झाला. त्यांना तिकडे ‘बिया वेर्दे’, म्हणजे हिरवी वाट म्हणतात. आज अशा वाटांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरहून अधिक आहे. त्यांवर मोटारींची वर्दळ नसते आणि आगगाडीला खडी चढण झेपत नसल्याने चढही सौम्य असतो. बहुतेक ठिकाणी शंभर मीटरला दोन-तीन मीटर, त्याहून जास्त नाही.

मास्तरांच्या नकाशावर पहिली वाट होती दक्षिणेकडील आंदालुसिया भागातील ओल्वेरा ते पुएर्तो सेरानो, ३६ किलोमीटरची. हा लोहमार्ग १९२०च्या दशकात बांधायला घेतला, पुढे यादवी युद्ध आले, काम थांबले आणि त्यावरून प्रवासी गाडी कधी धावलीच नाही. तयार झालेले ३० बोगदे आणि चार उंच पूल आज सायकलवाल्यांच्या उपयोगी पडतात. वाटेत साफ्रामागोनचा प्रचंड सुळका लागतो. त्याच्या कड्यांवर गिधाडांची मोठी वसाहत आहे. ओल्वेराहून निघाल्यास एकंदरीत उतार, परत येताना चढ. वाट पक्क्या डांबराची नाही, म्हणून शर्यतीच्या अरुंद टायरांपेक्षा जरा रुंद टायर बरे. बोगद्यांसाठी सायकलीला दिवा हवाच.

दुसरी वाट ऑलिव्हच्या तेलाची. खाएन शहरापासून पुएंते खेनिलपर्यंत सुमारे सव्वाशे किलोमीटर. पूर्वी या मार्गाने तेलाचे डबे जात. एकट्या खाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत त्यांच्याच रांगा दिसतात. मार्तोस, लुके, दोन्या मेन्सिया, काब्रा, लुसेना अशी जुनी गावे या वाटेवर किंवा तिच्या आसपास आहेत.

दोन्ही वाटा पाहून माझी काळजी निम्मी झाली.

गाव मात्र टेकडीवर

उरलेली निम्मी काळजी गावांची होती. आगगाडी खालून जाते, पण गावे वर असतात. ओल्वेरा, सुएरोस ही पांढऱ्या घरांची गावे मध्ययुगात शत्रूच्या भीतीने किल्ल्याच्या आश्रयाने वसली. आपल्याकडच्या गडांखालच्या वस्त्या आठवा, म्हणजे कल्पना येईल. त्यामुळे दिवसभर सौम्य वाटेने आलेल्या माणसाला मुक्कामाच्या अलीकडे शेवटचा एक-दोन किलोमीटरचा चढ सर्वांत खडा लागतो. त्या वेळी पाय थकलेले असतात, अंगातले पाणी कमी झालेले असते, पोट रिकामे असते, आणि किल्ला समोर दिसत असल्याने उत्साह मात्र भरपूर असतो. हृदयाला धोका असतो तो नेमका इथे.

हिशेब सोपा आहे. ताशी बारा किलोमीटरचा वेग कायम ठेवायचा, तर शंभरला तीन मीटरच्या चढावर सपाटीच्या तीन-चार पट ताकद लागते. शंभरला सहा मीटर चढ असेल तर सुमारे सहा पट. पन्नाशीनंतरच्या हृदयावर हा बोजा एकाएकी टाकू नये. म्हणून मी मास्तरांना बजावले, “सर, शेवटचा चढ सायकलवरून उतरून, सायकल हातात धरून चढायचा. त्यात कमीपणा नाही.”

चालवताना स्वतःची परीक्षा घेण्याची एक साधी रीत आहे. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर दम लागत असेल तर गिअर हलका करा, तरीही लागला तर उतरा.

उत्तरेकडील सान्तियागोच्या प्रसिद्ध यात्रामार्गावरही हाच मोह नडतो. तेथे यात्रेचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी पायी जाणाऱ्याला शेवटचे १०० किलोमीटर पुरतात, सायकलस्वाराला २०० लागतात. त्यासाठी पुष्कळजण पोनफेरादाहून निघतात आणि लवकरच सुमारे १३०० मीटर उंचीच्या ओ सेब्रेइरोचा घाट समोर येतो. ज्याची तयारी नाही त्याने प्रमाणपत्राच्या नादी लागू नये.

घड्याळाची चूक

मास्तरांनी दोन महिने गावाबाहेरच्या रस्त्यावर सराव केला. पाच किलोमीटरपासून सुरुवात करून तीसपर्यंत गेले. कार्डिओग्राम आणि पट्ट्यावर चालण्याची तपासणी करून घेतली, डोळ्यांचा पडदा तपासला, पाय पाहिले. मी त्यांना कागदावर वेळापत्रक लिहून दिले. त्यात एक ओळ होती: ‘संध्याकाळी सात वाजता साखरेची गोळी, साडेसातला जेवण.’

दुसऱ्या दिवशी ते पुएर्तो सेरानोहून चढाच्या वाटेने ओल्वेराला परतले. शेवटचा चढ कबूल केल्याप्रमाणे पायी चढले. सात वाजता गोळी घेतली आणि साडेसातला खानावळीत जाऊन बसले. तेथे कळले की चूल साडेआठला पेटते! स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन ते चार आणि रात्रीचे नऊच्या पुढे, अशी सर्वसाधारण रीत आहे. लहान गावांत दुपारी दुकानेही दोन-तीन तास बंद असतात.

आठच्या सुमारास मास्तरांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. मुलाला वाटले, दमले असतील. पण आईने निघताना पढवले होते, “बाबांना घाम आला की आधी साखर.” कॉफीसोबत आलेल्या साखरेच्या पुड्या त्याने पाण्यात विरघळवून पाजल्या. पंधरा मिनिटांत मास्तर ठीक झाले. मग पाव आला, पुढे जेवणही.

वाचकहो, यात मास्तरांची चूक नव्हती. ती माझी होती. मी रस्त्याचे चढ मोजले, पण त्या मुलखाची जेवणाची वेळ विचारली नाही. शिवाय दिवसभर राबलेले स्नायू रक्तातील साखर पुढे कित्येक तास ओढत राहतात, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंत. अशा दिवशी काही गोळ्यांची व इन्शुलिनची मात्रा कमी करावी लागते. ते मी आधीच सांगायला हवे होते. त्या रात्री फोनवर सांगितले, पुढचे पाच दिवस निर्विघ्न पार पडले.

निघण्यापूर्वी

ज्यांची मुले परदेशी आहेत, ज्यांना असे बोलावणे येऊ शकते, त्यांनी आणि इथल्या इथे लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांनीही पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मधुमेही व्यक्तीने खिशात, सामानात नव्हे, साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. घाम, थरथर, चक्कर आल्यास तीन चहाचे चमचे साखर घ्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी, कमीच असेल तर पुन्हा घ्यावी, मग काहीतरी खावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे छातीतली धडधड व थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. त्याकडे दुर्लक्ष नको. गोळी जेवण समोर आल्याशिवाय घेऊ नये, आणि मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये.

ऋतू निवडताना एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर-ऑक्टोबर निवडावा. ऑगस्ट २०२१ मध्ये आंदालुसियातील ला राम्ब्ला येथे ४७.६ अंश तापमान नोंदले गेले. ‘आपल्याला उन्हाची सवय आहे’ ही फुशारकी तेथे चालणार नाही. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे.

सीटची उंची अशी ठेवावी की पेडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट फार खाली असली की गुडघ्याची वाटी दुखते. हाताला मुंग्या येत असतील तर हॅण्डलवरची पकड बदलत राहावी.

तेथे वाहने उजवीकडून चालतात. गावाबाहेरच्या रस्त्यावर सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, अकारण धाप यांपैकी काहीही झाले तर ‘गावात पोचल्यावर बघू’ म्हणू नये. तिथेच थांबून मदत मागावी.

परवा मास्तर पुन्हा आले. तीन महिन्यांची सरासरी साखर सुधारली होती, वजन चार किलो उतरले होते. त्यांनी मला ओल्वेराच्या किल्ल्याखाली सायकल हातात धरून उभे असल्याचा फोटो दाखवला. वहिनी म्हणाल्या, “पुढच्या वर्षी मीही जाणार आहे. माझं वेळापत्रक मात्र त्यांच्या जेवणाची वेळ विचारून लिहा.”

मी मुकाट्याने मान डोलावली.