छाप्यातील कर्मचाऱ्यांच्या जिवाची किंमत कायद्यात किती?

ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाने भिवंडीच्या नदी नाका परिसरातील एका सदनिकेवर छापा घातला. तेथे द्रव आणि अर्धद्रव स्वरूपातील सुमारे ७९२ किलो मेफेड्रोन सापडले. त्याची किंमत ८०० कोटी रुपये सांगण्यात आली. भाड्याच्या या सदनिकेतच अमली पदार्थाची निर्मिती होत होती, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. या प्रचंड आकड्यामुळे एक प्रश्न मात्र झाकोळला गेला. रसायनांची पिंपे असलेल्या अशा खोलीत सर्वप्रथम शिरणारे पोलीस किंवा आग लागल्यास धावून जाणारे अग्निशमन जवान यांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल आरोपीला कोणती शिक्षा होऊ शकते?

अमली पदार्थ बाळगण्याच्या वा बनवण्याच्या गुन्ह्याला १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात कठोर शिक्षा आहे. २०१५ मध्ये मेफेड्रोनचा समावेश या कायद्याच्या कक्षेत झाला. ५० ग्रॅम ही त्याची व्यापारी मात्रा ठरली. त्याहून अधिक साठा सिद्ध झाल्यास किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी, तसेच किमान एक लाख रुपये दंड होतो. शिक्षेचे मोजमाप होते ते पदार्थाच्या वजनावर. त्या साठ्यामुळे कारवाईसाठी आलेल्या कर्मचाऱ्यास इजा पोहोचली, तर त्यासाठी या कायद्यात स्वतंत्र गुन्हा नाही.

त्यासाठी भारतीय न्याय संहितेकडे वळावे लागते. विषारी पदार्थ हलगर्जीपणे हाताळून मानवी जीवितास धोका निर्माण केल्यास कलम २८६ लागू होते. त्याची कमाल शिक्षा सहा महिने कारावास किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. बेदरकार कृत्यामुळे गंभीर दुखापत झाल्यास कलम १२५ नुसार तीन वर्षांपर्यंत, तर निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. लोकसेवकास दुखापत करण्याबद्दलचे कलम १२१ अधिक कडक आहे. परंतु तेथे दुखापत हेतुपुरस्सर केल्याचे सिद्ध करावे लागते. पिंपे उघडी टाकून पळालेल्या आरोपीच्या बाबतीत ते अवघड ठरते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने याबाबत निराळा मार्ग स्वीकारला. बेकायदा बाळगलेल्या फेंटानिलच्या बेदरकार संपर्कामुळे पोलीस, अग्निशमन किंवा वैद्यकीय मदत कर्मचाऱ्यास विषबाधा वा गंभीर इजा झाल्यास १५ वर्षांपर्यंत कारावास देणारा कायदा तेथे ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. मात्र या कायद्यामागील भीतीला वैद्यकशास्त्राचा पुरेसा आधार नाही. फेंटानिलच्या भुकटीचा त्वचेला ओझरता स्पर्श झाल्याने जीवघेणी विषबाधा होण्याचा संभव अत्यल्प आहे, असे अमेरिकेतील विषविज्ञान तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१७ मध्येच स्पष्ट केले होते. नित्याच्या कामात नायट्राइलचे हातमोजे पुरेसे ठरतात, असा त्यांचा निर्वाळा होता.

भिवंडीसारख्या ठिकाणचा धोका वेगळ्या जातीचा आहे. तेथे भुकटीपेक्षा निर्मितीत वापरली जाणारी रसायने घातक असतात. ज्वालाग्राही द्रावकांची वाफ बंद खोलीत साचली, तर विजेचे बटण दाबताना उडालेली ठिणगीही भडका उडवू शकते. तीव्र आम्ले त्वचा भाजतात आणि त्यांची वाफ डोळ्यांना व फुप्फुसांना इजा करते. येथे हातमोजे पुरत नाहीत. श्वसनसंरक्षक साधने, वायुमापक यंत्रे आणि रसायनांची जाण असलेले मनुष्यबळ लागते. शिवाय कारखान्याच्या नोंदी असतात, परवाने असतात; चोरून चालणाऱ्या कारखान्याची कुंडली अग्निशमन दलाकडे नसते. यंत्रमाग आणि दाट वस्ती यांनी गजबजलेल्या शहरात अशी आग एका सदनिकेपुरती मर्यादित राहण्याची शाश्वती कोण देणार?

म्हणूनच परदेशी कायद्याची नक्कल करण्यापेक्षा येथील धोका ओळखून तरतूद करणे श्रेयस्कर ठरेल. निवासी इमारतीत घातक रसायनांद्वारे अमली पदार्थ बनवणे हा शिक्षा वाढवणारा घटक मानता येईल. तोपर्यंतही पंचनाम्यात जप्त मालाच्या वजनाबरोबर रसायनांची आणि त्यांच्या धोक्याची नोंद झाली, तर कलम २८६ किंवा १२५ न्यायालयात टिकण्यास मदत होईल. कायद्याने आज पन्नास ग्रॅमची रेषा काटेकोरपणे आखली आहे. दार उघडून आत पाऊल टाकणाऱ्याच्या जिवासाठीही तितकीच स्पष्ट रेषा आखली जायला हवी.